वरकसावरची शेंग

पौषात म्हशाच्या यात्रेत बैलबाजार भरतो, तेव्हा मुरबाड-शहापूरच्या डोंगरउतारांवर गवत अजून उभं असतं. तरीही त्यावर चरणारी गुरं रोडावत जातात. पोट भरतं, पण अंगी लागत नाही.

याचं कारण प्रथिनांत आहे. शेडा, डोंगरी, कुसळी ही इथली गवतं पावसाळ्याच्या चार महिन्यांत झपाट्याने वाढतात आणि दिवाळीपर्यंत फुलून, बी टाकून वाळतात. मग त्यांतली प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात. चाऱ्यात ती साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली की जनावराच्या पोटातल्या जंतूंची उपासमार होते. तंतू पचत नाहीत आणि जनावर चाराच कमी खातं.

मुंबईच्या तबेलेवाल्याला याची फिकीर नाही; तो गवताबरोबर सरकी पेंड घालतो. ठाणे जिल्ह्याचं गवत पिढ्यान्‌पिढ्या मुंबईसाठीच कापलं गेलं. 1945 साली वारली आदिवासींनी गवतकापणीचा संप केला, तेव्हा 500 पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी द्या, ही त्यांची मागणी होती. डोंगरातल्या गाईच्या वाट्याला मात्र पेंड येत नाही. तिची पेंड माळावरच उगवायला हवी.

त्यासाठी गवतात शेंगवर्गीय झाड मिसळायचं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. पानं गळली, मुळं कुजली, गुरांचं शेण पडलं की त्यातला काही नत्र हळूहळू गवतालाही मिळतो. शेतकऱ्याला शेंगवर्ग नवा नाही. भात निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर वाल घेणं ही इथली जुनी रीत आहे. वरकसाच्या, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीच्या, वाट्याला मात्र राब भाजणं आणि गवत कापणं एवढंच आलं.

अशा मुरमाड उतारावर माझी पहिली पसंती स्टायलोला. मूळची दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडची ही वनस्पती हलक्या जमिनीत तग धरते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तिचा ‘फुले क्रांती’ हा वाणही काढला आहे. तिची खरी खुबी चरण्याच्या क्रमात आहे: पावसात गुरं कोवळ्या गवताकडे वळतात आणि स्टायलोला फारसं तोंड लावत नाहीत, गवत राठ होऊ लागलं की तिच्याकडे येतात. सिराट्रोसारखा वेल खायला चांगला, पण वाढीचे शेंडे सतत खुडले गेले की तो संपतो. सुबाभळीत प्रथिनं भरपूर, पण मिमोसिन हे विषारी द्रव्यही असतं, म्हणून ती बेताने द्यावी लागते.

गवत आणि शेंग यांची जोडी टिकवणं सोपं नाही. उष्ण प्रदेशातलं गवत प्रखर उन्हात शेंगवर्गापेक्षा वेगाने वाढतं, मग रोपांवर सावली धरतं. चरणच नसेल तर शेंग गुदमरते आणि अति चराई झाली तर दोन्ही जातात. स्फुरद कमी पडला तर गाठी नीट धरत नाहीत. एकाच वाणावर विसंबणंही धोक्याचं: ऑस्ट्रेलियात 1970 च्या दशकात करपा रोगाने टाउन्सव्हिल स्टायलोची कुरणंच्या कुरणं गेली. आपल्याकडे मात्र मला सर्वांत मोठा शत्रू वाटतो तो वणवा. कुसळी आगीनंतर पुन्हा फुटते, पण कोवळी स्टायलो जळून जाते. फुटीसाठी माळ पेटवायचा आणि त्यातच शेंगही लावायची, हे जमणार नाही.

करून पाहायचं तर सगळा डोंगर अंगावर घेऊ नका, एक तुकडा घ्या. स्टायलोच्या बियांचं कवच कठीण असतं, म्हणून त्या 80 अंश गरम पाण्यात चार मिनिटं ठेवून मग रात्रभर थंड पाण्यात भिजवा. जूनच्या पहिल्या पावसाला, थोडं खरवडलेल्या मातीत, सुपर फॉस्फेट देऊन वरवर पेरा. खोल गाडू नका. भोवती जाळरेषा काढा. पहिल्या वर्षी बी पडेपर्यंत त्या तुकड्यात गुरं सोडू नका, आणि हे आधी गावातल्या गुराख्याला सांगा.