हुशार मुलीला आणखी वीस गणितं नकोत

वर्गात दहा गणितं घातली की एखादी मुलगी पाच मिनिटांत वही मिटून बसते. मग तिला आणखी वीस मिळतात, तशीच. तिच्या दृष्टीनं ही शिक्षाच. चार-सहा महिन्यांत ती मुद्दाम सावकाश लिहायला शिकते. आमच्या माण तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर एकच शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो, तिथं हे सहज घडतं. घरी अम्मी-अब्बा काळजीपोटी पुढच्या इयत्तेचं पुस्तक आणतात. पुढच्या वर्षी ती वर्गात दुप्पट कंटाळते!

तिला हवं असतं लगेच न सुटणारं एखादं गणित. ते शोधायला शहरात जावं लागत नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. गणितातली वरची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्यांना ६१७४ ही संख्या सापडली आणि आज ती जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते.

घरी करून पाहा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा आणि वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. आता पुढं कितीही करा, ६१७४ च येते. कुठल्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच पोचता.

इथं थांबून मुलीला विचारा, "तीन अंकी घेतली तर? दोन अंकी घेतली तर? दर वेळी उत्तराला नऊनं भाग का जातो?" उत्तर सांगू नका. तुम्हाला येत नसेल तर फारच छान, दोघी मिळून शोधा. अम्मी चौथी शिकलेली असली तरी "का गं?" एवढं विचारता येतंच. चार दिवस लागले तरी लागू द्या. २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री, इराणची मरियम मिर्झाखानी, स्वतःला सावकाश विचार करणारी म्हणायची. आपल्याकडं मात्र घड्याळ लावून हुशारी मोजतात.

धाकट्यांसाठी कापरेकरांच्याच हर्षद संख्या आहेत: अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या. २४ घ्या, २ + ४ = ६, भाग गेला. दहिवडीच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना गाड्यांच्या नंबरांवर हा खेळ मजेत चालतो.

आठवीपासून गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा देता येते. ती पाठांतरावर सुटत नाही, म्हणून अशा मुलांना आवडते. शाळेत चौकशी करा, अर्ज वेळेत भरा. केंद्र लांब असतं, मुलीला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून अर्जच राहतो, असं फार घरांत होतं. त्या दिवशी अब्बांनी दुकान बंद ठेवावं आणि पहाटेच्या गाडीनं तिच्यासोबत जावं.