बटनवुडच्या झाडाखालचा बाजार

अमेरिकेचा शेअरबाजार वर गेला की खाली आला, ही बातमी आपल्या घरी रोज येते. ऐकणारा म्हणतो, न्यूयॉर्क कुठे आणि आपण कुठे! परंतु आपल्या बेटावरील निवृत्तिवेतनाच्या निधींचा काही पैसा परदेशी बाजारांत गुंतलेला असतो. तेव्हा वाचकहो, हा बाजार कसा वाढला व तेथे काम कसे चालते, हे ठाऊक असलेले बरे.

१७ मे १७९२ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर २४ दलालांनी एका छोट्याशा करारावर सह्या केल्या. ६८ नंबरच्या घरासमोर बटनवुड जातीचे झाड होते. त्याच्या सावलीत व्यवहार होत, म्हणून करारालाही झाडाचेच नाव पडले. करारात वचने दोनच. पाव टक्क्याहून कमी दलाली घ्यायची नाही आणि सौदा करताना एकमेकांना प्राधान्य द्यायचे. ग्राहकाच्या हिताचा त्यात एक शब्दही नाही! पुढचा सारा इतिहास समजायला ही गोष्ट आम्हांला फार उपयोगी वाटते.

मुंबईचा बाजारही टाउन हॉलजवळ वडाखालीच भरे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तेथील कापूस इंग्लंडला जाईना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला व शहराला शेअरांचे वेड लागले. युद्ध संपताच कित्येक बँका व पेढ्या बुडाल्या. १८७५ साली मुंबईच्या दलालांनी आपली संघटना उभारली.

न्यूयॉर्कच्या मंडळींनी १८१७ साली नियमावली केली. १८६३ साली ‘न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज’ हे नाव घेतले. १८६७ साली तारयंत्राने कागदी पट्टीवर भाव छापणारे यंत्र आले आणि दूरच्या गावीही भाव कळू लागले.

आता कामाची रीत. कंपनी पहिल्यांदा शेअर विकते तेव्हा पैसा कंपनीला मिळतो. त्यानंतर बाजारात जो शेअर फिरतो त्याचा पैसा एका धारकाकडून दुसऱ्याकडे जातो, कंपनीकडे नव्हे. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भाजीच्या लिलावात फक्त घेणारे बोली वाढवतात. इथे घेणारे व देणारे दोघेही आपापला भाव मांडतात, आणि जिथे जुळते तिथे सौदा होतो. भाव पूर्वी डॉलरच्या आठव्या भागात सांगत. २००१ साली सेंटमध्ये आले. मुलांना अपूर्णांक शिकवताना आम्ही हे उदाहरण अवश्य देतो!

१९२९ साली मोठा घात झाला. उसने पैसे घेऊन लोकांनी शेअर घेतले होते. २९ ऑक्टोबर या एका दिवशी १ कोटी ६० लाखांहून अधिक शेअर विकले गेले. सप्टेंबरमध्ये ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. जुनी पातळी गाठायला १९५४ साल उजाडले. तिशीत पैसे घातलेला माणूस पंचावन्न वर्षांचा झाला म्हणायचे!

मग सरकारला जाग आली. १९३३ व १९३४ साली कायदे झाले, देखरेखीसाठी आयोग नेमला गेला व कंपन्यांना आपला हिशेब जाहीरपणे मांडणे भाग पडले. तरीही १७९२ चे पहिले वचन टिकूनच होते. ठरीव दलालीची पद्धत थेट १ मे १९७५ रोजी संपली. म्हणजे १८३ वर्षे लहान ग्राहकाने दलालांच्या एकीची किंमत मोजली. आम्हांला हे १९२९ पेक्षा कमी दुःखाचे वाटत नाही. फक्त त्याची बोंब झाली नाही.

कागदाचीही एक कथा आहे. पूर्वी शेअर म्हणजे छापील दाखला. विकला की तो हातोहात पोचवावा लागे. १९६८ साली दिवसाला सरासरी १ कोटी ३० लाख शेअरांची उलाढाल होऊ लागली आणि कारकुनांचे हात थकले. दाखले हरवले, चोरीस गेले. शेवटी ढीग उपसण्यासाठी त्या वर्षाच्या उत्तरार्धात बाजार दर बुधवारी बंद ठेवावा लागला. कित्येक दलाली पेढ्या बुडाल्या. म्हणून १९७३ साली सर्व दाखले एकाच तिजोरीत ठेवून फक्त वहीत नावे बदलण्याची सोय झाली. मे २०२४ पासून सौद्याचा निकाल दुसऱ्याच कामाच्या दिवशी लागतो.

त्या पेढ्यांच्या ग्राहकांचे हाल पाहून १९७० साली आणखी एक कायदा झाला होता. दलाल बुडाला तर ग्राहकाच्या खात्याला आज ५ लाख डॉलरपर्यंत संरक्षण आहे, त्यात रोख रक्कम अडीच लाखांपर्यंत. भाव पडून झालेले नुकसान मात्र त्यातून भरून मिळत नाही.