कॅप्टन कर्कने खाली घेतलेलं हत्यार

‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन जेम्स कर्कचं नाव निघालं की आठवतात त्याचे ठोसे, फाटलेला सदरा आणि ग्रहागणिक जुळणारी प्रेमप्रकरणं. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची, तेव्हा नागपूरकर पोरांचीही एवढ्यावरच भूक भागत असे. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात तिचे ७९ भाग दाखवले गेले. विल्यम शॅटनरने रंगवलेला हा कर्क आज सलग पाहिला तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. हत्यार हातात असून तो चालवत नाही, तेव्हाच तो खरा भाव खाऊन जातो.

१९ जानेवारी १९६७ चा ‘अरीना’ हा भाग घ्या. ओसाड ग्रहावर कर्कसमोर गॉर्न नावाचा सरड्यासारखा धिप्पाड कप्तान उभा आहे. जो हरेल त्याचं अख्खं यान नष्ट होणार. कर्क गंधक, सोरा नि कोळसा गोळा करतो, बांबूच्या नळीत दारू ठासतो आणि छर्रे म्हणून हिरे भरतो. देशाच्या स्फोटक-सुरक्षेचं मुख्यालय ज्या नागपुरात आहे, तिथल्या प्रेक्षकाला हा उद्योग पाहून घाम फुटावा! तोफ उडते, गॉर्न कोसळतो, कर्क त्याच्या गळ्याशी पातं नेतो आणि थांबतो. आपल्या हद्दीत घुसखोरी झाली असं गॉर्नला खरोखरच वाटलं असेल, हे त्याला तेवढ्यात उमगतं. फ्रेड्रिक ब्राउनच्या १९४४ च्या ज्या कथेचा आधार इथे घेतला आहे, तिच्यातला नायक मात्र शत्रूला मारूनच मोकळा होतो. महायुद्ध ऐन भरात असतानाची ती कथा. पडद्यावरचा हा थांबा पटकथाकार जीन कून याचा.

याच कूनने लिहिलेला ‘द डेव्हिल इन द डार्क’ ९ मार्च १९६७ रोजी दाखवला गेला. माझ्या मते कर्कची सगळ्यांत मोठी घटका या भागात आहे, आणि तो विदर्भात बसून पाहावा असा आहे. जेनस-६ ग्रहावरच्या खाणीत पन्नासहून अधिक माणसं मेली आहेत. मारणारा प्राणी म्हणजे होर्टा. दिसायला चिखलमातीचा ढिगारा, पण खडकातून असा जातो की मागे गुळगुळीत बोगदा पडतो. तो कार्बनऐवजी सिलिकॉनचा असावा, असा कर्कचा सहकारी स्पॉक याचा तर्क. हा प्राणी जिवंत मिळाला तर बरं, असं स्पॉक सुचवतो. दिसताक्षणी मारा, असं कर्क ठणकावतो.

मग दरड कोसळून दोघांची ताटातूट होते. कर्क एकटा, पुढ्यात जखमी होर्टा. हातातलं फेझर हे किरणास्त्र उगारलेलं. होर्टा सरकते, थबकते. संदेशयंत्रावरून स्पॉक घाबरून सांगतोय, ताबडतोब मारून टाक. मघाचा दयाळू स्पॉक आता मारायला सांगतो आणि मघाचा कठोर कर्क थांबून निरखत बसतो. जिवावर बेतलेलं असताना माणूस विचार बदलतो तो असा, समोरच्याची हालचाल पाहून. पुढे स्पॉक होर्टाच्या मनाशी मन जोडतो, तेव्हा उलगडा होतो तो असा: खाणकामगार ज्या गोल दगडांचा चुरा करत होते, ती तिची अंडी होती. लाठ्याकाठ्या घेऊन आलेल्या कामगारांपुढे कर्क आडवा उभा राहतो.

याच भागाच्या चित्रीकरणादरम्यान शॅटनरला वडील गेल्याची बातमी कळली. तरी त्याने त्या दिवसाचं काम पुरं केलं. हा आपला आवडता भाग असल्याचं त्याने पुढे सांगितलं आहे.

हा भाग विदर्भात बसून पाहावा तो यासाठी: वेस्टर्न कोलफील्ड्स, मॉयल आणि भारतीय खाण ब्युरो या तिघांची मुख्यालयं नागपुरात आहेत. ताडोबाचं जंगल नि चंद्रपूरच्या कोळसा खाणी एकमेकांना खेटून. टी-१ ऊर्फ अवनी वाघीण यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, तेव्हा तिच्या नावावर १३ बळी होते आणि तिचे दोन बछडे रानात होते. शवविच्छेदन नागपुरात गोरेवाड्याला झालं. मेलेली माणसं शेतात राबणारी, गुरं राखणारी होती. त्यांच्या घरच्यांना कर्कचे दाखले देण्यात अर्थ नाही. वाघिणीच्या मनातलं ऐकून सांगणारा स्पॉकही आपल्याकडे नाही.

तरी त्या भागातला शेवटचा सौदा लक्षपूर्वक पाहावा. कर्क कामगारांना दया शिकवत नाही, हिशेब मांडून दाखवतो. होर्टाच्या पिल्लांनी बोगदे खणायचे, माणसांनी धातू उचलायचा. कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही. काठ्या खाली येतात त्या नफ्याच्या आशेने. कोणाला हा शेवट कोरडा वाटेल, मला तो सगळ्यांत खरा वाटतो. वनखात्याने आणि खाण कंपन्यांनी जंगलाकाठच्या गावांशी बोलायला बसताना आधी हाच प्रश्न सोडवावा: वाघ जगला तर गावाच्या पदरात नेमकं काय पडणार?