परसांतील पाहुणे

पनवेल हें गांव एका बाजूस डोंगरांचें आणि दुसऱ्या बाजूस खाडीचें. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली आणि २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. गांवाचें शहर होतां होतां जुन्या घरांमागचीं पुष्कळ परसें नाहींशीं झालीं. अळवाचे वाफे आणि शेवग्याचें झाड जाऊन बाग सज्जांतील कुंड्यांत येऊन बसली. जागा आंखडली, तरी बागेचा एक स्वभाव कायम राहिला. लावलें तेवढेंच उगवावें आणि बोलावलें तेवढ्यांनींच यावें, हा नियम ती मानीत नाहीं. घरच्या बागेची बरीचशी मौज या अवज्ञेंतच आहे.

पहिला विस्मय मृगाच्या सरींबरोबर येतो. पनवेलीस पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पहिल्या पावसानंतर गुलाबाच्या कुंडींत कोणीं न पेरलेला टाकळा डोकें वर काढतो. त्याचें बीं कठीण कवचाचें असतें; मातीबरोबर येऊन तें पावसाची वाट पाहत निजून राहतें. नवखा मनुष्य त्याला तण समजून उपटून टाकतो. जाणती गृहिणी सायंकाळीं मिटणारीं तीं पानें ओळखते आणि कोवळीं असतांनाच खुडून त्यांची भाजी करते. डोंगराकडील ठाकूर व कातकरी स्त्रिया याच दिवसांत ही भाजी बाजारांत विकावयास आणतात.

दुसरा विस्मय आरंभीं निराशेचें रूप घेऊन येतो. लाल भोपळ्याचा वेल कठड्यावर चढतो, पिवळीं फुलें येतात आणि एकामागून एक गळून पडतात. वेलावर रोग पडला असें वाटून घरांतील मंडळी औषध शोधूं लागतात. वास्तविक प्रथम येतात तीं बहुधा नरफुलें, तीं गळावयाचींच. मागाहून येणाऱ्या मादीफुलाच्या तळाशीं चिमुकला भोपळा दिसतो. हें फूल पहाटे उमलतें आणि दुपारपर्यंत मिटतें. तेवढ्या अवधींत मधमाशीनें नरफुलांतील पराग त्यावर आणून टाकले, तरच फळ धरतें. उंच मजल्यावर मधमाशी फिरकत नसेल, तर सकाळीं नरफूल खुडावें, त्याच्या पाकळ्या काढाव्या आणि आंतील केसर मादीफुलाच्या मध्यभागीं हलकेंच टेकवावा. मधमाशीचें काम माणसाच्या हातूनहि होतें.

तिसऱ्या विस्मयांत मात्र माळ्याची कसोटी लागते. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा एक ठिपका दिसतो, आणि तो हलतो. तो सुरवंट असतो. कांहीं दिवसांनीं तो हिरवा होतो, पानें कुरतडतो, आणि डिवचलें असतां डोक्यामागून लाल शिंगें काढून उग्र दर्प सोडतो. अशा वेळीं हात कीटकनाशकाच्या बाटलीकडे जाणें स्वाभाविक आहे. परंतु महाराष्ट्रानें २०१५ सालीं ज्याला राज्य-फुलपाखराचा मान दिला, तें काळ्या-निळ्या पंखांचें नीलवंत, म्हणजेच ब्लू मॉर्मन, लिंबाच्या वर्गांतील झाडांवरच अंडीं घालतें. त्याच्या भाईबंदांपैकीं कांहींचें बालपणहि याच पानांवर जातें.

शिवाय विष सुरवंट आणि मधमाशी यांत भेद करीत नाहीं. फवाऱ्यानें लिंबाचीं चार पानें वांचतील. पण शेजारच्या वेलावरचा भोपळा धरणार नाहीं, आणि कुंडींतला टाकळा खाण्याजोगा राहणार नाहीं. एका पाहुण्याला हांकलून देतांना दुसरे दोघेहि दुरावतात. रोप अगदीं लहान असेल, तर सुरवंट अलगद उचलून आसपासच्या मोठ्या लिंबावर सोडावा. झाड वाढलेलें असेल, तर त्याला खाऊं द्यावें. पुढें तो कोश करतो. साधारण दोन आठवड्यांनीं एका सकाळीं कोश उकलतो, आणि ओले पंख वाळेपर्यंत फुलपाखरूं तेथेंच लटकून राहतें. घरांतील मुलांना तें जवळून पाहतां येतें. लिंबाला तोंवर नवी पालवी फुटूं लागलेली असते.