सरासरीच्या पोटांत काय असतें?

एकाच उपचाराविषयीं झालेल्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून त्यांतून एक आंकडा काढण्याच्या रीतीस ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. वृत्तपत्रांत असा आंकडा आला कीं सुशिक्षित घरांतूनही तो वेदवाक्य मानला जातो. तो कसा पारखावा, हें आपल्या महाराष्ट्रांतील एका उदाहरणावरून पाहूं.

डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील आपला प्रयोग १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केला. ३९ गांवांत, शिकवून तयार केलेल्या स्त्रिया घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेत व जंतुदोष दिसल्यास इंजेक्शनही देत. ४७ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं होतीं. तिसऱ्या वर्षीं नवजातांचे मृत्यु तुलनेनें शेंकडा ६२ नीं घटले. यश थोर खरें. पण कोणतें गांव कोणत्या बाजूस, हें चिठ्ठ्या टाकून ठरलें नव्हतें, आणि देखरेख संस्थेची स्वतःची होती.

२०१० सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत दक्षिण आशियांतील गृहभेटींच्या पांच प्रयोगांचें एकत्रित विश्लेषण आलें. घट शेंकडा ३८. त्याच ठिकाणीं ही घट १३ पासून ५६ पर्यंत कोठेंही असूं शकेल, असेंही नमूद होतें. ही मर्यादा वृत्तपत्रांत क्वचितच छापली जाते! पुढें २०१३ सालीं घाना देशांतील प्रयोग, चालू आरोग्ययंत्रणेमार्फत झालेल्या अन्य तीन प्रयोगांशीं जोडला गेला, तेव्हां घट उरली शेंकडा १२.

यांत खोटें कोणतेंच नाहीं. कोठें औषधोपचार होता, कोठें नुसता उपदेश. कोठें निम्म्याहून अधिक घरीं भेट झाली, कोठें तितकीही नाहीं. जेथें भेटी अधिक व उपचारही होता तेथें लाभ अधिक, हें २०१० च्या विश्लेषकांनींच दाखविलें आहे. म्हणून सरासरीपूर्वीं तिच्यांत काय मिसळलें तें पाहावें. नैयायिक नुसत्या अन्वयावर समाधान मानीत नाहींत, व्यतिरेकही पाहतात. तद्वत् गुण न आलेले प्रयोग संग्रहांत आले कीं कोणाच्या कपाटांत राहिले, हेंही विचारावें.

२०११ पासून ही गृहभेटींची योजना देशभर लागू झाली. रुग्णालयांत प्रसूति झाल्यास तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा वेळां आशाताईनें घरीं यावें, असा नियम आहे. आमच्या गडबांत तिला ओटीवरूनच ‘आमचे डॉक्टर पेणला आहेत’ असें सांगून परत पाठविणारीं शिकलेलीं घरें मीं पाहिलीं आहेत. हिशेबांत तीं भेट न झालेल्या घरांत मोडतात.