छताला टांगलेली कोयना

गेल्या उन्हाळ्यात विजेचे बिल हातात पडले आणि आमच्या घरात नेहमीचा खटला उभा राहिला. आरोपी ठरलेला, आमचे चिरंजीव. बाथरूमचा दिवा चालू ठेवून निघून जायची त्याला खोडच आहे. आमच्या आईने तर निकालही देऊन टाकला, "दिवसाढवळ्या दिवे जाळा, मग बिल येणारच!" मी मात्र या खेपेस निकालाआधी साक्षीदाराला बोलवायचे ठरवले. साक्षीदार म्हणजे जिन्याखालचा मीटर.

रात्री साडेदहाला सगळे झोपायला गेले, तेव्हा मीटरचा आकडा लिहून ठेवला. पहाटे साडेपाचला पुन्हा पाहिला. सात तास घरातले सगळे गाढ झोपेत, एकही दिवा चालू नाही, तरी दोन युनिटांहून थोडी जास्त वीज खर्च झालेली! ही वीज गेली कुठे?

हिशेब सोपा आहे. एक हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. आमच्या घरात रात्री तीन पंखे चालतात, प्रत्येकी साधारण ७५ वॅटचे. तीन पंखे, सात तास, म्हणजे दीड युनिटाहून अधिक. उरलेला खर्च जुन्या फ्रिजचा आणि टीव्हीखाली लाल डोळा मिचकावत बसलेल्या सेट टॉप बॉक्सचा. आणि आरोपीचा दिवा? तो नऊ वॅटचा एलईडी आहे. रात्रभर, म्हणजे सात तास, जळला तरी युनिटाचा जेमतेम सोळावा भाग. जुन्या भाषेत सांगायचे तर रुपयातला एक आणा! पंधरा आणे दुसरीकडेच जात होते आणि आम्ही एका आण्यावरून घर डोक्यावर घेत होतो.

वीज वाचवायची म्हटले की आपल्याला काटकसर आठवते. दिवा बंद करा, पंखा कमी करा, थोडे सोसा. भारनियमनाचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत त्यांच्या मनात तर वीजबचत आणि अंधार यांची जोडीच बसली आहे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागात दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. मुलांचा अभ्यास, पिठाची गिरणी, विहिरीवरचा पंप, सगळे त्या वेळापत्रकाला बांधलेले. त्या काळात राज्यात 'अक्षय प्रकाश' योजना आली. गावाने संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी पंप आणि गिरण्या आपणहून बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात घरातले दिवे-पंखे चालू राहायचे. कित्येक गावांनी हा करार पाळला. वीज हवीच असते, पण सगळी वीज सारख्याच निकडीची नसते, हे गावकऱ्यांनी त्यातून दाखवून दिले.

मात्र मला सांगायची आहे ती बचत याहूनही वेगळी आहे. तिच्यात काही बंद करायचे नाही, काही सोसायचे नाही. काम तेच, पण कमी विजेत. यालाच ऊर्जेची कार्यक्षमता म्हणतात.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक अमूल्य रेड्डी हे आयुष्यभर समजावून सांगत आले. माणसाला वीज नको असते. वीज खाता येत नाही, नेसता येत नाही. माणसाला हवा असतो उजेड, वारा, गार पाणी, शेतात पोचलेले पाणी. म्हणून देशाला किती मेगावॅट लागतील असे विचारण्याआधी, लोकांची कोणती कामे व्हायला हवीत आणि ती कमीत कमी ऊर्जेत कशी होतील, असे विचारायला हवे. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास कर्नाटकासाठी हा हिशेब मांडून दाखवला. सरकारी समितीने २००० सालासाठी सुमारे ९,४०० मेगावॅटची गरज वर्तवली होती. कार्यक्षम उपकरणे आणि लहान, स्थानिक वीजनिर्मिती यांची सांगड घातली तर सुमारे ४,००० मेगावॅटमध्ये काम भागेल, असे रेड्डींचे गणित सांगत होते. प्रश्न बदलला की उत्तर निम्म्याहून खाली येते!

अमेरिकेतले ऊर्जातज्ज्ञ अ‍ॅमरी लव्हिन्स यांनी अशा वाचवलेल्या विजेला 'नेगावॅट' असे गमतीदार नाव दिले. मेगावॅट म्हणजे निर्माण केलेली वीज, नेगावॅट म्हणजे लागलीच नाही ती वीज. हा नेगावॅट सर्वांत स्वस्त का पडतो, ते समजण्यासाठी कोळशापासून आपल्या खोलीपर्यंतचा प्रवास पाहू या.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात शंभर भाग ऊर्जेचा कोळसा जाळला, असे समजा. त्यातून विजेच्या रूपाने बाहेर पडतात साधारण पस्तीस भाग. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. हा कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. वाफेवर चालणाऱ्या यंत्रांची ती मर्यादाच आहे. पुढे शेकडो किलोमीटरच्या तारा आणि रोहित्रे यांत चार-पाच भाग गळतात. आपल्या दारी येतात सुमारे तीस. आता या तीस भागांवर जुना, तारेचा पिवळा बल्ब लावला तर तो फक्त पाच टक्क्यांच्या आसपास विजेचा उजेड करतो, बाकी काच तापवतो. म्हणजे जमिनीखालून खणून काढलेल्या शंभर भागांतून उजेड मिळाला दीड भाग!

हीच साखळी आता उलटी पाहा. घरात एक भाग वीज वाचली की खाणीत तीन भागांहून अधिक ऊर्जा वाचते. आपल्याकडे कोळशाच्या एका युनिटामागे साधारण सातशे ग्रॅम कोळसा जळतो. साखळीच्या या टोकाला केलेली लहानशी सुधारणा त्या टोकाला मोठी होऊन पोचते.

दिव्यांच्या बाबतीत आपण हे करून दाखवले आहे. साठ वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो. पण सुरुवातीला एलईडीची किंमत सामान्य घराला परवडणारी नव्हती. ५ जानेवारी २०१५ रोजी 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी कंपनी 'ईईएसएल'ने कोट्यवधी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली. २०१४च्या सुरुवातीला एका दिव्याची खरेदी किंमत सुमारे ३१० रुपये होती, ती २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. ग्राहकाला दिवा हप्त्यानेही घेता येई आणि हप्ता विजेच्या बिलातच जोडला जाई. या योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. कोणी अंधारात बसले नाही, उलट उजेड वाढला आणि वीज कमी लागली.

आता पाळी पंख्याची. आपल्या छतावरच्या साध्या पंख्याच्या मोटारीत बरीचशी वीज वारा न देता नुसती उष्णता होऊन जाते. अर्धा तास चाललेल्या पंख्याच्या मोटारीला हात लावून पाहिला तर कळेल (अर्थात पंखा बंद करून!). नव्या 'बीएलडीसी' पंख्यात फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि विजेचा प्रवाह इलेक्ट्रॉनिक मंडल सांभाळते. त्यामुळे तेवढाच वारा साधारण तीस वॅटमध्ये मिळतो. दर पंख्यामागे पंचेचाळीस वॅट वाचले.

पंचेचाळीस वॅट ते काय, असे वाटेल. एका पंख्याचा हिशेब करू. दिवसाला बारा तास आणि वर्षाचे नऊ महिने धरले तर सुमारे १४५ युनिट वाचतात. कोळशाच्या भाषेत शंभर किलो. युनिटला आठ रुपये धरले तर साडेअकराशे रुपयांहून अधिक. असा पंखा साध्या पंख्यापेक्षा बारा-पंधराशे रुपयांनी महाग पडला तरी जास्तीचे पैसे सव्वा-दीड वर्षात वसूल, पुढची दहा वर्षे निव्वळ लाभ.

आता देशाचा हिशेब. उन्हाळ्याच्या एखाद्या रात्री साडेचार कोटी पंखे एकाच वेळी फिरत आहेत आणि ते सगळे नव्या पद्धतीचे आहेत, असे समजा. साडेचार कोटी गुणिले पंचेचाळीस वॅट म्हणजे दोन हजार मेगावॅटपेक्षा जास्त. आपल्या कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे एक अख्खी कोयना छताला टांगलेली आहे! आणि देशातल्या पंख्यांची संख्या साडेचार कोटींच्या कितीतरी पट आहे.

कोयनेचे नाव मी मुद्दाम घेतले. १९६२ पासून तिने महाराष्ट्राचे कारखाने चालवले. १३ मार्च १९९९ रोजी चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाशी बोगद्याचे तोंड फोडले गेले, तो दिवस आपल्या अभियंत्यांच्या कर्तबगारीचा. पण याच धरणाखाली माणसांची गावे, देवळे, शेते गेली, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे पुढची कित्येक दशके चालू राहिले. कोळशाची केंद्रे उभारली तर खाणीभोवतालच्या गावांवर राख आणि धूळ येते. प्रत्येक मेगावॅटसाठी कोणीतरी, कुठेतरी आपली जमीन, पाणी किंवा हवा देत असते. छताला टांगलेल्या कोयनेखाली मात्र एकही गाव बुडत नाही.

मग हे सगळे आपोआप का होत नाही? कारण उपकरण विकत घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, असे अनेकदा असते. घरमालक स्वस्तातला पंखा लावतो, भाडेकरू बिल भरतो. बांधकाम व्यावसायिक इमारत बांधून मोकळा होतो, रहिवासी वर्षानुवर्षे उकाडा आणि बिल दोन्ही सोसतात. शेतीपंपाचेही तसेच. पुन्हा पुन्हा वाइंडिंग केलेली मोटार, अरुंद फूट व्हॉल्व्ह, गरज नसलेले बाक आणि वळणे यांत बरीच वीज जाते. पण वीज मोफत किंवा अश्वशक्तीप्रमाणे ठोक आकाराने मिळत असेल, तर शेतकऱ्याने चांगल्या पंपावर जास्त पैसे का घालावेत? त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही, तो त्याच्यापुरता हिशेब बरोबरच करतो आहे. दुसरी अडचण आजच्या खिशाची. वर्षभरात हजार रुपये वाचतील हे खरे, पण ज्याच्या हातात आज जास्तीचे हजार नाहीत त्याने काय करायचे?

म्हणून हे काम नुसत्या उपदेशाने होणार नाही. त्याला नियम आणि योजना लागतात. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर तारे दिसू लागले. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेचे दिवंगत गिरीश संत आणि त्यांचे सहकारी यांनी कार्यक्षम पंख्यांचा विषय असे पंखे दुकानात सहज मिळू लागण्याच्या आधीपासून लावून धरला होता. छतावरच्या पंख्यांना तारे सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२३ पासून. दिव्यांसाठी जी हप्त्याची सोय झाली तशी पंख्यांसाठी आणि पंपांसाठी मोठ्या प्रमाणावर झाली, तर गरीब घराला तिचा सर्वाधिक उपयोग होईल.

एक सावधगिरीही सांगायला हवी. बिल कमी झाले म्हणून तीच वीज दुसरीकडे उधळली तर बेरीज पुन्हा तिथेच येते. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर पोचली. वातानुकूलन यंत्रे वाढत आहेत, त्याचा त्यात मोठा हात आहे. ही यंत्रे अठरा अंशांवर लावून पांघरूण घेऊन झोपण्यापेक्षा चोवीसवर लावावीत. प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो.

घरात सुरुवात कुठून करायची? आधी मीटरची साक्ष काढा, माझ्यासारखी. जास्त वेळ चालणारी आणि पाणी तापवणारी उपकरणे आधी तपासा. अंघोळीची एक बादली तापवायला अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज लागते, तेवढ्यात एलईडी दिवा पन्नास तास जळतो. सेट टॉप बॉक्स रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करा. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटून आला तर दाराचे रबर सैल झाले आहे, ते बदला. नवे उपकरण घेताना नुसते तारे मोजू नका, त्याखाली छापलेले वर्षाचे युनिट आणि लेबलचे सालही वाचा. निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुने पाच तारे आजचे पाच तारे नसतात. दुकानातल्या त्या दहा मिनिटांत पुढच्या दहा वर्षांचे बिल ठरते.

आम्ही तीन पंखे एकदम बदलले नाहीत, महिन्याला एक असे बदलले. मग पुन्हा एका रात्री आकडा लिहिला, पहाटे पाहिला. दोन युनिटांच्या जागी सव्वा युनिटही झाले नव्हते. वारा तोच, झोपही तीच.

चिरंजीव बाथरूमचा दिवा अजूनही चालू ठेवतात. तो मी बंद करतो, एक आणा तरी का सोडा! पण आता ओरडत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)