लॅपटॉपवाला कामगार असतो का?

मी अड्याळचा, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे. ‘कामगार’ म्हटलं की आपल्या भंडाऱ्याकडे कोण आठवतं? विड्या वळणाऱ्या, रोवणीला जाणाऱ्या बाया, फार तर कारखान्यातला माणूस. लॅपटॉपवाला कोणालाच आठवत नाही.

पण कायदा आधी काम बघतो, मग पगार. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘कामगार’ शब्दात अंगमेहनतीसोबत कारकुनी आणि तांत्रिक कामही होतं. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. बाहेर राहतात ते मुख्यतः मॅनेजर, आणि 18,000 च्या वर पगार असलेले सुपरवायझर. म्हणजे नुसता कोड लिहिणारा पोरगा लाखभर कमावत असला, तरी कामगार ठरू शकतो.

मग आपण सगळे एक का होत नाही? कारण कामाची मांडणीच तशी असते. विडीचं बघा. पानं-तंबाखू ठेकेदाराकडून येतो, काम घरी, मजुरी हजार विड्यांमागे. शंभर बाया एकाच मालकासाठी राबतात, पण एका छताखाली कधी येत नाहीत. आयटीतही एकाच टीममध्ये एक जण कायम, दुसरा कंत्राटी, आणि पगार एकमेकांपासून लपवलेला.

दुसरं कारण जात. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाला मजुरी जास्त होती. पण तिथे धाग्याला तोंड लावावं लागे, म्हणून सवर्ण कामगार विटाळाच्या नावाखाली दलितांना त्या खात्यात येऊ देत नसत. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढे आणला: एकजूट हवी, तर ही बंदी आधी उठवा. (याच बाबासाहेबांनी 1954 मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती.) पुढे 7 नोव्हेंबर 1938 ला, संपाच्या हक्कावर बंधनं आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले.

म्हणजे ‘आपण सगळे एकच’ असं नुसतं म्हणून भागत नाही. ज्याला कमी मिळतं, त्याची मागणी यादीत वर घ्यावी लागते. तुमच्या टीममधल्या कंत्राटी सहकाऱ्याला पीएफ मिळतो का, भरपगारी सुट्टी मिळते का? या आठवड्यात त्याला विचारा, आणि काय कळलं ते मला व्हॉइस नोटवर सांगा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!